नकलेतला अंगठा

लातूरच्या कोर्टात, नक्कल विभागात मी नोकरीची शेवटची वर्षं काढली. जुन्या जबाबांच्या खऱ्या नकला द्यायचं काम. डिजिटल सही आली तेव्हा मी भलताच खूश होतो. शिक्के नाहीत, शाईनं बरबटलेले हात नाहीत. पासवर्ड टाकला की पानाच्या तळाशी माझं नाव, वेळ आणि हिरवी खूण हजर.

एकदा एक तरुण बाई आली. कोचिंगच्या पोरांची मेस चालवायची. पदराला फोडणीचा वास होता. भूकंपात आई गेली तेव्हा ती दीड-दोन वर्षांची. उदगीरला मामाकडं वाढली. आईचा एकही फोटो नाही. भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यात बांधाच्या भांडणात आईनं कोर्टात साक्ष दिली होती, एवढं मामाकडून कळलेलं.

मूळ कागद जीर्ण झालेला, म्हणून जबाब नव्यानं टाइप करून, सही करून मी नक्कल तिच्या हातात दिली. ती शेवटचं पान बघतच राहिली.

"साहेब, आईचा अंगठा कुठं हाय?"

"तिथं लिहिलंय ना, अंगठा म्हणून."

"खाली तर तुमचं नाव हाय."

मी वैतागलो. कायद्यानं हीच नक्कल चालते, असं सुनावलं.

"मला चालवायची न्हाई. आईचा अंगठा बघायचाय."

शेवटी वरिष्ठांची परवानगी घेऊन मूळ कागद काढला. जांभळ्या शाईतला अंगठा, एका बाजूला फरफटलेला. कुणीतरी आत्ताच इथून उठून गेलंय, असं मला वाटलं. तिनं हात लावला नाही. "वाचून दावा," म्हणाली.

मी पूर्वी कोर्टात जबाब टाइप करायचो. जबाब संपला की साक्षीदाराला वाचून दाखवायचा, बरोबर आहे का विचारायचं, मग अंगठा घ्यायचा. भूकंपानंतर वारसांच्या साक्षी अशाच वाचल्या. तसंच आता वाचायला लागलो. मध्येच न्यायाधीशांची टीप आली: साक्षीदाराच्या मांडीवरील मूल रडत असल्याने जबाब थोडा वेळ थांबवला.

तिनं तोंडाला पदर लावला. मीही थांबलो. मग पुढचं वाचलं.

वाचून झाल्यावर जुन्या सवयीनं तोंडून गेलं, "बरोबर आहे?"

"हाव," ती म्हणाली, आणि तिनं अंगठा पुढं केला.

मी ड्रॉवरमध्ये शाईचं पॅड शोधत राहिलो.