छिन्नी मोडल्याचं कारण

दुष्काळातलं वर्ष. रिठदच्या पुढच्या एका गावात, बौद्ध वस्तीच्या विहिरीत मी कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा, दगड फोडायचा ब्रेकर चालवत होतो. गावच्या विहिरीवर वस्तीतल्या बायांचा घडा कुणाला खपत नसे, म्हणून ही वेगळी विहीर. तळाला काळा पाषाण लागलेला आणि ब्रेकरला बसवायच्या छिन्न्या माझ्याजवळ दोनच. त्या मोडल्या की कॉम्प्रेसर दुसऱ्या गावाला हलवायचा, असा वरून हुकूम होता.

आमचे ओव्हरसियर साहेब काठावर छत्री उघडून उभे राहत. यंत्राचं माहितीपुस्तक त्यांच्या पिशवीत होतं, पण त्याची पानंही अजून एकमेकांना चिकटलेली. ज्ञान मात्र नुसतं ओसंडत होतं. छिन्नीचं टोक तापून निळं पडलं की वरून आज्ञा सुटे, "पाणी टाक!" बायांनी कोसभरावरून डोक्यावर आणलेली बादली त्या लोखंडावर ओतली जाई. पहिली छिन्नी अशीच तडकली. अहवालात कारण पडलं, 'दगड अतिकठीण.' दगड मऊ असता तर आम्हाला कुणी कशाला बोलावलं असतं?

दुसरी छिन्नी फटीत रुतली. मोठ्या साहेबांना आठ दिवसांत पाणी दाखवायचा शब्द आमच्या साहेबांनी दिलेला. ते वरून ओरडले, "आडवी रेट! उचकट!"

फुटलेल्या दगडांचं डबर उचलणारी वस्तीतली म्हातारी थांबली. तिचा जन्म सडकेवर खडी फोडण्यात गेला होता. "काहून उचकटून राह्यला, बाबू? हे काय सब्बल हाय?"

मलाही ठाऊक होतं. छिन्नी म्हणजे उचकटायची पहार नव्हे; ती सरळ दाबायची, रुतली तर सरळ वर ओढायची. आडवा जोर तिला सोसत नाही. पण साहेबांच्या तोंडी लागायची माझी छाती नव्हती. मी अंगाचा भार टाकून रेटली. कट्कन दोन तुकडे झाले. या खेपेला अहवालात 'चालकाचा निष्काळजीपणा' आला, छत्री मिटली आणि कॉम्प्रेसर जीपमागे निघून गेला.

वर्षभरानं तिकडून जाताना वस्तीत थांबलो. लोकांनी घण आणि सब्बल घेऊन हातानंच विहीर पाण्याला लावली होती. मी साहेबांची छत्रीसकट नक्कल केली. माणसं पोट धरधरून हसली. म्हातारी तेवढी हसली नाही. तिनं माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि ती म्हणाली,

"सायबानं सांगतलं, खरं हाय. पन हात त तुयेच होते ना?"