बाटलीतलं तळं

वीस वर्षांची असताना मी एका म्हाताऱ्या बाईचं तळं गल्लीतल्या बायकांना चमच्याचमच्यानं पाजून संपवलं. ते पाणी तिनं स्वतःच्या शेवटच्या अंघोळीसाठी राखून ठेवलं होतं. मी ते जमजम समजले, हाजी लोक मक्केहून आणतात ते पवित्र पाणी. नुसती समजून गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी दारात उभी राहून ते वाटलं, 'उभ्यानं प्या, तोंड किब्ल्याकडे, काब्याच्या दिशेला करा' म्हणून माझ्या आईच्या वयाच्या बायकांना दटावलं, आणि त्या दुपारी जेवलेही नाही, कारण पुण्यानंच पोट भरलं होतं.

साठच्या दशकातली गोष्ट आहे. अमिरात हे नावही तेव्हा नव्हतं. रत्नागिरीच्या खाडीवरून निघून मी दुबईच्या खाडीवर आले होते, एवढाच काय तो माझा प्रवास. नवरा धक्क्यावर माल मोजायचा. एका अंगणाभोवती चार खोल्या, मध्ये एक बोरीचं झाड, आणि सकाळी गाढवावरून पाण्याचे डबे घेऊन येणारा माणूस. विहिरीचं पाणी खारट. गोड पाणी डब्यानं यायचं आणि ते सांडलं तर सासू जवळ नसतानाही सासूची आठवण यायची.

समोरच्या खोलीत खाला राहायची; खाला म्हणजे मावशी, सगळी गल्ली तिला तेच म्हणायची. उंच, गोरी, गालांवर बारीक लाल शिरा. मुलगा ट्रक चालवायचा. ती वरच्या डोंगरातली, काश्मीरच्याही वरच्या अंगाची. फाळणीनंतर तिच्या माहेरचा रस्ता बंद झाला. ती ज्या बाजूला होती त्या बाजूलाच राहिली आणि पुढे मुलाच्या मागं इथं वाळूत आली. तिची उर्दू आणि माझी बाजारातली हिंदी, दोघी मिळून एक भाषा पुरी व्हायची. तिचं बोलणं मी इथं माझ्या भाषेत लिहिते आहे.

दुपारी ओलं गोणपाट खिडकीला टांगून आम्ही बसायचो आणि ती तळ्याविषयी बोलायची. दुसरा विषयच नव्हता तिला. तिचा आजा त्या तळ्याचा राखणदार, मग बाप. संस्थानच्या राजानं ते तळं राखीव ठेवलं होतं. साहेबांनी विलायतेहून आणून सोडलेले ठिपक्यांचे मासे होते त्यात. हातात परवान्याचा कागद असेल त्यानंच गळ टाकायचा. धनगरांनी शेळ्यांना उतरत्या काठालाच पाणी पाजायचं. साबण नाही, पायात जोडा घालून पाण्यात पाय नाही, काठची फुलंसुद्धा तोडायची नाहीत.

"आणि तोडली तर?" मी विचारलं.

"माझ्या बापानं माझ्या आईला दंड केला होता. एका फुलाचा."

"मग आईनं काय केलं?"

"भरला. आणि आठ दिवस त्याच्या भाजीत मीठ घातलं नाही."

तळ्याच्या डोक्याशी हिमनदी होती. आता हिमनदी म्हणजे काय हे मला कुठून कळणार. बर्फ म्हणजे आमच्याकडे लाकडाच्या भुशात गुंडाळून येतो, मासळीवर टाकतात, तो. मी मोठ्या शहाणपणानं विचारलं, "खाला, त्या बर्फाला वास नाही येत मासळीचा?" ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पुढे कितीतरी दिवस मी समोरून गेले की ती नाक धरायची.

पण तिनं समजावलंही. बर्फाची अख्खी नदी डोंगरावरून खाली सरकते, पण इतकी हळू की तिला चालताना कुणी पाहिलेलं नाही. सरकताना दगड दळते. ते दगडाचं पीठ पाण्यात उतरतं, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी तळं ताकासारखं दिसतं, मग हिरवं, आणि पहिला बर्फ पडायच्या आधी निळं. भूर्जाची झाडं खालीच थांबतात, वर फक्त गुडघ्याएवढी झुडपं. काठच्या दगडांत लठ्ठ खारीसारखे प्राणी असतात, माणूस दिसला की शिट्टी मारून बिळात जातात. आणि हिवाळा संपताना तळ्यावरचा बर्फ तडकतो तेव्हा खालच्या गावात भांडी वाजतात.

एक खडक होता तिथं. बर्फाचं टोक जिथवर आलेलं असेल तिथं आजानं छिन्नीनं एक रेघ मारून ठेवली होती. बाप राखणदार झाला तेव्हा त्यानं रेघ मारली ती डोंगराच्या अंगाला, बरीच वर. खालाच्या लग्नाच्या वर्षी बापानं छिन्नी तिच्या हातात दिली. तिची रेघ मारायला तो खडक पुरला नाही, पुढचा शोधावा लागला.

"म्हणजे बर्फ मागं जातो आहे?" मी म्हटलं.

"म्हातारा होतो आहे. म्हातारं माणूस घराच्या आतल्या आत सरकत जातं, तसा."

तिच्या खोलीत कोनाड्यात कुराणशरीफ होतं आणि त्याच्या शेजारी हिरव्या कापडात गुंडाळलेली एक काचेची बाटली. बुचावर पिवळी राळ ओतून बंद केलेली. आमच्या गावी हाजी लोक जमजम आणत ते असंच कापडात गुंडाळून कुराणाच्या शेजारी ठेवत. मी विचारलं नाही. विचारायचं काय, दिसत होतंच. वीस वर्षांच्या मुलीला सगळं दिसतंच.

त्या वर्षी खालाच्या मुलाला फुजैराकडे माल पोचवायचा होता. तो म्हणाला, "अम्मी, तिकडं डोंगर आहेत, चल दाखवतो." डोंगर म्हटल्यावर ती मुलीसारखी तयार झाली. किल्ली माझ्याकडे दिली. "उंदीर बघ," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या खोलीतली आमच्याच कोकणातली बाई बाळंतपणात अडली. बलुची दाई आली, दुपार झाली, मूल येईना. दाई बाहेर येऊन घाम पुसत म्हणाली, "आता दुआ करा." बायका कुजबुजल्या, कुणाकडे जमजम असेल तर घोटभर द्या. आणि माझ्या डोक्यात दिवा लागला.

किल्ली माझ्याकडेच. मी बाटली काढली, नवऱ्याच्या स्क्रू ड्रायव्हरनं राळ फोडली. आधी स्वतः एक चमचा घेतला. इथंच माझी अक्कल उघडी पडते. जमजम मी गावी प्यायले होते, त्याला खारटसर जड चव असते. हे पाणी तसं नव्हतं. पण मी म्हटलं, जुनं झालं असेल. जसं काही जमजमला वय असतं.

चमचाभर तिच्या तोंडात घातलं. थोड्या वेळानं मुलगी झाली. रडली, म्हणजे काम झालं. दाईनं तिच्या मेहनतीनं मूल आणलं आणि गल्लीनं श्रेय मला दिलं. मग एकीची डोकेदुखी, एकीचं मूल होत नव्हतं, एकीच्या नवऱ्याचं पत्र येत नव्हतं. सगळ्यांना चमचा. बाटली अर्धी झाली तेव्हा मी ती उजेडात धरून पाहिली, पण त्यालाही आमच्याकडे तोड आहे. जमजममध्ये साधं पाणी मिसळलं तरी बरकत तीच राहते असं घरोघरी मानतात. मी डब्यातलं पाणी ओतून बाटली भरली. पुन्हा वाटलं. पुन्हा भरली. संध्याकाळी मेणबत्ती वितळवून बुचावर ओतली, हिरवं कापड गुंडाळलं, आणि ठेवून दिली.

खाला चार दिवसांनी आली.

"कसे आहेत डोंगर?"

"चांगले आहेत," ती म्हणाली. "पण उपाशी आहेत गं. अंगावर पाण्याचा थेंब नाही."

तिनं बाटलीकडे पाहिलं नाही. पुण्याचं काम सांगून दाखवू नये, म्हणून मीही बोलले नाही. हेही माझं शहाणपणच. ती त्या नव्या मुलीला रोज मांडीवर घेऊन बसायची. मी बघायची आणि मनात फुशारून जायची.

हिवाळ्यात खाला आजारी पडली. अंगात ताप, धाप. मुलगा कामावर गेला की मी तिच्याजवळ बसायची. एका दुपारी ती म्हणाली, "वर बाटली आहे. मी गेले की गुसलच्या, मला न्हाऊ घालायच्या शेवटच्या पाण्यात ओत. कापूर घालायच्या आधी."

"जमजम ना, खाला? ओतीन."

"जमजम मला कुणी आणून द्यायचं? ते तळ्याचं आहे." मग थांबत थांबत तिनं सांगितलं. शेवटची माहेरी गेली तेव्हा बाप थकला होता. निघताना त्यानं साहेबांच्या तंबूत राहिलेली एक सरबताची बाटली तळ्यात बुडवून भरली, देवदाराची राळ लावली आणि तिच्या बोचक्यात घातली. ज्यानं बायकोला एका फुलाचा दंड केला त्यानं. पुढच्या वर्षी रस्ता बंद झाला. "तळं मला परत दिसणार नाही. पण तळ्यातून धुऊन निघायला काय हरकत आहे," ती म्हणाली.

त्या दिवशी मी भात करपवला, डबा सांडला, नवऱ्याला कारण सांगितलं नाही. दोन दिवस मनाशी म्हणत होते, नको सांगूस, तिला सुखानं जाऊ दे, तिला काय कळणार आहे. पण ती वर बघायची. कोनाड्याकडे. डब्यातल्या पाण्याकडे ती अशी बघत होती, आणि ते मला बघवेना.

तिसऱ्या दुपारी सांगितलं. सगळं सांगितलं, चमचा, स्क्रू ड्रायव्हर, मेणबत्ती. खालानं तोंड भिंतीकडे केलं. मी तिचे पाय धरले, ते तिनं हळूच आत ओढून घेतले.

नऊ दिवसांनी ती गेली. आम्ही चौघी बायकांनी गुसल दिलं, अंगणातल्या बोरीच्या पाल्याच्या पाण्यानं. शेवटच्या पाण्यात मी ती बाटली ओतली. त्यात तळं किती होतं, थेंबभर की तेवढंही नाही, ते अल्लाला माहीत.

आता मी नातीकडे असते, दुबईतच, इंटरनॅशनल सिटीतल्या दोन खोल्यांत. नळ सोडला की गोड पाणी येतं आणि ती दात घासताना नळ तसाच ठेवते. परवा तिला हे सांगितलं तर म्हणते, "दादी, इट वॉज जस्ट वॉटर." पण पोर चांगली आहे. फोनवर शोधून तिनं मला डोंगरातली खूप तळी दाखवली. एका तळ्याशी पाटी होती, संरक्षित क्षेत्र, कचरा टाकू नये. ते खालाचंच का, सांगता येत नाही. बर्फ कुठं दिसेना. नातीनं चित्र वर सरकवलं, अजून वर सरकवलं, तेव्हा अगदी शिखराच्या कुशीत मळकट पांढरं काहीतरी होतं. मी काठचे खडक बघत राहिले. चित्रात रेघा कुठल्या दिसणार.

खालानं भिंतीकडे तोंड केलं, पाय ओढून घेतले, ते मघाशी सांगितलं. पण त्यानंतरचं राहिलं. मी उठले, दारापर्यंत गेले, चपलेत पाय घातला आणि तिनं मागून हाक मारली. तोंड भिंतीकडेच होतं. ती म्हणाली:

"तू प्यालीस ना त्यातलं? मग इकडे ये, जवळ बस, आणि चव कशी होती ते सांग. मला इतक्या वर्षांत बूच उघडायचा धीर झाला नाही."