भिंतीपलीकडची ओळ

“आज त्याला दुसरं कडवं आठवलं,” शेजारच्या आजी दारात आलेल्या नर्सला सांगत होत्या. मी सायकलला कुलूप लावत होते. माझं डच कच्चंच होतं, पण एवढं समजलं.

नेदरलँड्समधल्या रायस्वाइक गावातल्या त्या घरात मी वरची खोली भाड्याने घेतली होती. लॉकडाऊनमध्ये माझा आवाज ऑफिसच्या मीटिंगपुरताच निघायचा. भिंतीपलीकडचे आजोबा, म्हणजे त्या आजींचे नवरे, पूर्वी गावोगावच्या कॅफेत गिटारवर डचमधली कंट्री गाणी, अमेरिकी लोकगीतांच्या धाटणीची, म्हणत. आता अल्झायमरमुळे त्यांना कधी कधी स्वतःचं घरही परकं वाटे. तरी रोज चारला ते हॅट घालून रस्त्याकडची मोठी खिडकी उघडून बसत. जाणारे-येणारे सायकली थांबवून, अंतर राखून ऐकत. सगळ्या गल्लीचा त्यांच्यावर जीव होता. ते अडले की आजी शेजारच्या खुर्चीतून पुढच्या ओळीचा पहिला शब्द देत, आणि गाणं पुन्हा चालू लागे.

मला ते ऐकवत नसे. पुण्यात माझे बाबा दर गुरुवारी दत्ताच्या भजनात ओळ सांगत आणि बाकीचे मागून धरत. कोविडमध्ये बाबा गेले. मला जाता आलं नाही. तेराव्याला मंडळींनी ऑनलाइन भजन ठेवलं. “बाबांची ओळ आता तू सांग, बाळा,” एक काका म्हणाले. मी इंग्रजी शाळेत वाढलेली, चारचौघांत भजन म्हणायला कायम लाजणारी. माइक म्यूट ठेवून मी नुसते ओठ हलवत राहिले. “नेट गेलं वाटतं तिचं,” कोणीतरी म्हणालं, आणि मी ते तसंच राहू दिलं. त्यानंतर दत्तगुरूंसमोर हात जोडायलाही मला तोंड उरलं नव्हतं. दर गुरुवारी ऑनलाइन भजन सुरू व्हायचं, मी म्यूटवर बसून असायचे.

अशाच एका गुरुवारी आजींना ताप आला. त्या माडीवर वेगळ्या राहिल्या. आजोबा मात्र चारला खिडकीत आले. दुसऱ्या कडव्यात अडले आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. थांबलेल्या तिघा-चौघांनी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या, त्यामुळे ते अजूनच गोंधळले. टाळ्या ऐकून गाणं संपलं असं आजोबांना वाटलं असावं, पण हात तारांवरून निघेना.

मी दुकानातून परत येत होते. ती ओळ मला येत होती. वर्षभर भिंतीतून ऐकली होती. देवाचं नाव घेतलं का, आठवत नाही. सायकल धरूनच मी ती ओळ म्हटली, बारीक आवाजात, सूर चुकवत. आजोबांनी वळून पाहिलं आणि गाणं तिथूनच पुढे नेलं, अगदी शेवटपर्यंत.

“बँडमध्ये नवीन का तू?” त्यांनी विचारलं. “उशिरा आलीस. आणि जरा मोठ्याने म्हणत जा.”

आठवड्याने आजी बऱ्या झाल्या आणि त्यांच्या खुर्चीत परतल्या. आजोबांना मी पुन्हा कधी आठवले नाही. पण त्या दिवशी मला कळलं, की हाक कोणाच्या तोंडून येईल ते आपण ठरवायचं नसतं. आली की ओ द्यायची. मला ती अनोळखी भाषेत, हॅट घातलेल्या एका विसरभोळ्या माणसाकडून आली. मी त्यांची ऋणी आहे, आणि ज्या दत्तगुरूंनी त्यांना त्या खिडकीत बसवलं त्यांचीही.

त्या गुरुवारी गाणं संपल्यावर खोलीत येऊन कोट न काढताच मी लॅपटॉप उघडला. पुण्यात भजन सुरू होत होतं, मंडळींमध्ये आई बसलेली दिसत होती. मी माइक चालू केला.

“आई, थांबा सगळे. बाबांची ओळ मी सांगते.”