शत्रूला टेबलावरून उठवणारे काका

जगाचा पैशाचा कारभार आमच्या काकांना न विचारता चालतो, ही जगाची फार मोठी चूक आहे. काका म्हणजे बाबांचे मित्र. आमच्या गावच्या स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमधून रिटायर झाले आणि त्याच आठवड्यात त्यांनी पृथ्वीची ड्यूटी धरली. शत्रू सरकारचे अधिकारी जगाच्या मोठमोठ्या कर्जसंस्थांत खुर्ची अडवून बसतात, हे त्यांना सहन होत नाही. पावर हाउस नावाच्या बाजारात मेथीची जुडी उगारून ते भाजीवालीला विचारतात, "जो हमारे ऊपर बंदूक ताने, वो हमारेच टेबल पे चाय पिए, ये ठीक है क्या?" ती म्हणते, "बने नइ हे बाबूजी. भाजी लेहू के नइ?" म्हणजे, बरं नाही हे, पण भाजी घेणार की नाही? घरी येऊन काका सांगतात, जनमत आपल्या बाजूनं आहे.

मी इंग्लिश मीडियमची, म्हणून त्या संस्थांना जाणारी पत्रं मी टाइप करते. प्रत्येक पत्रात एक मागणी ठरलेली: या अधिकाऱ्यांचा गेट पास जप्त करावा. तिथे गेट पास नसेल, असं मी एकदा हळूच म्हटलं. "अवं बाई, गेट आहे तर पास असनारच," काका म्हणाले.

प्लांटच्या कॉलनीतल्या आमच्या सेक्टरच्या मराठी वाचनालयाची समिती आम्हा तिघांची: काका अध्यक्ष, त्यांच्या समोरच राहणारे, रेल्वेतून रिटायर झालेले रामटेके काका सचिव, आणि टाइप करता येतं म्हणून मी. एका रविवारी काकांनी नवं पत्र वाचून दाखवलं. रामटेके काका शांतपणे म्हणाले, "त्याले बाहेर काढशील तर शिव्या कोनाले देशील? भिंतीले?"

शत्रूची बाजू घेणारा माणूस समितीत नको, असा ठराव काकांनी तिथल्या तिथे केला. पुढचे चार रविवार बैठक आम्हा दोघांची. मी बोलत नाही, त्यामुळे काका स्वतःच ठराव मांडायचे आणि सवयीनं स्वतःच विरोध करायचे. पण त्या विरोधात मजा नव्हती.

मग कळलं, रामटेके काका पंधरा दिवसांत मुलाकडे नागपूरला चालले, कायमचे. काकांनी लगेच मला त्या संस्थांना पत्र लिहायला बसवलं आणि दोन ओळींनंतर खिडकीतून समोरच्या घराकडे बघू लागले. मी खूप वेळ धीर गोळा केला.

"काका, काढलेल्याला परत कधी घ्यायचं, ते यात कुठेच नाही."

"प्लांटमधी कोनाचा पास जप्त झाला का अर्धा दिवस सेफ्टी क्लास देत होते. मंग पास वापस भेटे."

"मग तसं लिहू?"

"लिही. समजावून वापस घ्यावं."

"समजावणार कोण?"

काकांनी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला. क्लास खरंच अर्धा दिवस चालला. दोघांचे आवाज रस्त्यापर्यंत येत होते. कोण कोणाला शिकवून राहिलं होतं, ते मात्र कळलं नाही. संध्याकाळी काका परत आले तेव्हा त्यांच्या हातात रामटेके काकूंनी दिलेल्या चकल्या होत्या.

मी ते पत्र पोस्टात टाकलं. उत्तर अजून आलेलं नाही.

आता रामटेके काका नागपूरहून बैठकीला हजर असतात. त्यांच्या खुर्चीवर काका आपला फोन ठेवतात, आवाज मोठा करून, आणि प्रत्येक ठरावाला फोन विरोध करतो. कधी मधेच नेटवर्क जातं. ठराव मंजूर लिहायला मी पेन उचलते, तर काका हात आडवा धरतात.

"थांब. त्याचं म्हननं बाकी आहे."

मग आम्ही दोघं खुर्चीतल्या फोनकडे बघत बसतो.