दमयंतीबाईंच्या नावानं

आमच्या तारापूरच्या कारखान्यात दमयंतीबाई चुरींएवढं काम कुणीच केलं नाही, असं कॉम्प्युटर सांगतो. खोटारडा मेला! मी सुलू, स्टोअरमध्ये त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायची. मला विचारा.

ब्याण्णवच्या दसऱ्याला कॉम्प्युटर आला. बाईंनी हळदकुंकू लावलं, हार घातला आणि आपलं नाव, पासवर्ड टाकून तो सुरू केला. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या चिंतूनं स्वतःच्या नावानं उघडला, तर वीज गेली आणि यंत्र आठवडाभर बंद. झालं! हातगुण बाईंचाच, असं ठरलं. तेव्हापासून दिवसपाळी असो की रात्रपाळी, जो तो दमयंतीबाईंच्या नावानं, त्यांच्याच पासवर्डनं उघडायचा. बाई रजेवर असल्या तरी त्यांचंच नाव. आमची नावं आत नुसती पडून.

बाईंचा जीव मात्र कारखान्यात नव्हताच. त्यांच्या यजमानांना, तात्यांना, लकवा झालेला. चिंचणीच्या घरी ते ओट्यावर पडून पाण्यासाठी हाका मारायचे आणि ह्या इथे नटबोल्ट मोजायच्या. म्हणून कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली, तेव्हा पहिला अर्ज यांचा. "सुलू, आता सुटले गो मी!" म्हणत पेढेसुद्धा वाटले. आम्ही बाकीच्यांनी अर्ज केला नाही. आम्हाला नोकरी हवी होती.

पण ज्यांच्यावाचून अडत नाही त्यांनाच सोडायचं, असा हुकूम होता. ते ठरवायला मुंबईहून नागोराव साहेब आले. माणसांना विचारतील तर शपथ! त्यांनी कॉम्प्युटरमधून प्रत्येकानं शेवटचं कधी काम केलं त्याच्या तारखा काढल्या. चिंतूची तारीख ब्याण्णवच्या त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. माझ्या नावापुढे तारीखच नाही. आणि दमयंतीबाई? काल रात्री! मागचं पाहिलं तर दिवाळीत, पहाटे, रविवारीसुद्धा.

"बाई, तुम्ही झोपता कधी?" साहेबांनी चक्क हात जोडले.

बाई गडबडल्या. "साहेब, ते मी नाय केलं. ही सगळी करतात. माझं नुसतं नाव हाय."

"काय मोठं मन! श्रेयसुद्धा दुसऱ्यांना देतात."

मला राहवलं नाही. "अहो साहेब, खरंच आम्हीच करतो—"

"ज्यांनी यंत्राला कधी हात लावला नाही, त्यांनी मध्ये बोलू नये," साहेब म्हणाले.

महिन्याभरात आम्हा सगळ्यांना सक्तीची स्वेच्छानिवृत्ती मिळाली. बाईंचा अर्ज नामंजूर, वर बढती. निरोपाच्या दिवशी आमच्या हातात नारळ द्यायला साहेबांनी त्यांनाच उभं केलं. माझी पाळी आली, तर त्या नारळ सोडीनात. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मेल्यांनो," त्या म्हणाल्या, "तात्या तिकडे वाट बघतात माझी. माझ्या नावानं एवढं राबलात, तर एखाद्या दिवशी जरा दांडी नाय मारायची?"