यमुनाबाई गप्प बसली तो दिवस

समुद्राकाठच्या तळाशीलची यमुनाबाई खाडीतून होडीनं आत मसुऱ्याला यायची तेव्हा लोकांना आधी तिचा आवाज कळायचा, होडी मागाहून दिसायची. माहेर शिरोड्याकडचं. लग्न होऊन काशीरामच्या घरात आली. काशीराम भला माणूस, पण इतका कमी बोलायचा की दोघांच्या वाटणीचं बोलणं ही एकटीच उरकायची. त्यानं मासे आणायचे, हिनं ते खारवून वाळूवर सुकवायचे आणि उन्हाळा सरत आला की आतल्या गावांत फिरून लोकांच्या पावसाळ्याची सोय करायची, असा संसार. सुक्या माशांच्या बदल्यात ती भात घ्यायची. वर्षभराची पेज त्यावर चालायची.

मसुऱ्यात तिचं पहिलं घर दत्तारामचं. त्याची बायको सावित्री. ह्या दोघींचा सौदा बघायला शेजारच्या बायका हातातलं काम टाकून दारापुढच्या खळ्यात यायच्या. सावित्रीनं पायली भरून भात तिच्या गोणत्यात ओतायचं, यमुनाबाईनं म्हणायचं, "घाल आणखी."

"तुझे बांगडे काय सोन्याचे आसत?"

"सोन्याचे असते तर तुझ्या दारात कित्याक घेवन इलंय असतंय?"

असं चालत चालत कुठेतरी जुळायचं. पण बोलता बोलता यमुनाबाई थांबली आणि तोंड मिटून दुसरीकडे बघत बसली, की ओळखायचं, बाईला भात कमी वाटतंय, आता ही टोपली उचलून चालू पडणार. मग ती तोंड उघडेपर्यंत भात घालत राहायचं. ही रीत साऱ्या वाडीला पाठ होती. तिच्या शिव्यांना कोणी भीत नसे, गप्प बसण्याला भीत.

सत्तावन्न-अठ्ठावन्न सालातला वैशाख होता. यमुनाबाई नेहमीसारखी येऊन खळ्यात टेकली, टोपलीवरचं फडकं काढलं. सावित्रीनं पहिली पायली ओतली. यमुनाबाई गप्प.

"इतक्यात रुसलंस? अजून भाव पण करूक नाय," सावित्री म्हणाली आणि दुसरी पायली ओतली, ह्या खेपेला चांगली शीग लावून. यमुनाबाई समोरच्या माडाकडे बघत बसलेली.

शेजारच्या आनंदीबाईला हसू आवरेना. "सावित्री, आज तुझी कणगी रिकामी होतली गो."

सावित्रीनं चरफडत तिसरी पायली ओतली. तेव्हा कुठे यमुनाबाईनं तोंड उघडलं. पण आतून निघाले ते शब्द नव्हतेच, नुसता ओला, लडबडलेला आवाज. उजवा हात टोपलीतला बांगडा उचलायला गेला आणि बांगडा बोटांतून घसरून शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडला. ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता. त्यातून लाळ गळत होती.

"अगो बाय," सावित्री म्हणाली, "ह्यां रुसणा न्हय."

बायका घाबरल्या. आनंदीबाईनं ठरवूनच टाकलं की वाटेत कुठेतरी हिला काहीतरी लागलं, वाचा बांधली. दत्ताराम लवू घाडीला बोलवायला गेला. लवू म्हणजे ज्याच्या अंगात देवाचा वारा यायचा तो माणूस. अंगात आलं की दोघातिघांना आवरायचा नाही. एरवी परसात भाजी लावायची, विडी ओढायची आणि एकट्यापुरती पेज शिजवायची, एवढाच त्याचा कारभार.

लवू येईपर्यंत, जात्यावर शेरभर दळण होईल एवढ्या वेळात, यमुनाबाई सावरायला लागली. हाताची मूठ वळली. ओठ जागेवर आला. आणि मग शब्द आले.

"आवशीक खाव, सगळी माझ्या तोंडाकडे काय बघतासात?"

बायका हसायला लागल्या. शिवी ऐकून इतका आनंद त्या खळ्यात पूर्वी कधी झाला नसेल. यमुनाबाईनं गोणत्यात हात घालून बघितलं. "इतक्या भात कोणी घातल्यान?"

"तूच घेतलंस. गप्प बसान."

"असा काय? मगे दरवर्सां गप्पच बसाक होया होता."

ती टोपली आवरायला लागली. होडी ओहोटीबरोबर सुटणार होती, चुकली तर रात्र मसुऱ्यात काढावी लागली असती. आनंदीबाई लवूला म्हणाली, "तांदूळ घे हातात आणि बघ, तिका काय लागला तां. मगे जावंदे."

लवूनं तांदूळ घेतले नाहीत. काय काय झालं ते सावित्रीकडून नीट ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाला, "ह्यां आमच्यातला न्हय."

"न्हय कसा? वाचा गेलेली तिची."

"माझ्या अंगात इतकी वर्सां येता. मी कापतंय, नाचतंय, बोलतंय. माझा तोंड एका बाजूक लोंबकाळलेला कोणी बघितला? देव येता तो सगळो येता. अर्ध्या अंगात येणा नाय." मग यमुनाबाईकडे वळून म्हणाला, "माझ्या आवशीक असांच झालेला. भाकरी थापताना हात पडलो, जीभ पडली, आणि वायच वेळान सगळा बरां. बापाशीन अंगारो लावल्यान. चार दिसांनी चुलीकडे पडली, ती उठाक नाय. तू होडीत बसा नको. डॉक्टराकडे चल."

"तुझी आवस म्हातारी असतली."

"तुझ्यापेक्षा ल्हान होती."

यमुनाबाई खरोखरीची गप्प बसली. पण तेवढ्यापुरतीच. दत्तारामनं बैल जुंपल्यावर पुन्हा सुरू झाली. "माका काय मेलेल्यासारख्या गाडयेत घालतास?"

"मेलेल्याक गाडी लागणा नाय, चार माणसां लागतत," दत्ताराम म्हणाला. "चढ."

बाजारात दवाखाना होता. डॉक्टर घाटावरचे, तरुण, आमची बोली त्यांना निम्मी कळायची. म्हणून यमुनाबाईनं आपलं ठेवणीतलं मराठी काढलं. "मला काय झालं नाय हो डॉक्टर. जीभ जरा झोपली होती."

डॉक्टर हसले नाहीत. तिच्या दंडाला पट्टा गुंडाळून पाऱ्याच्या यंत्रात बघितलं, मग दुसऱ्या दंडाला गुंडाळून पुन्हा बघितलं. म्हणाले, "बाई, डोक्याकडे जाणाऱ्या रक्ताची वाट अडली होती. आपोआप मोकळी झाली हे तुमचं नशीब. पुढच्या वेळी होईलच असं नाही, आणि पुढची वेळ फार लांब नसते. थोडे दिवस माझ्या हाकेच्या अंतरावर राहायचं. ओझं उचलायचं नाही. तंबाखू बंद, मीठ बंद."

"मीठ बंद?" ठेवणीतलं मराठी संपलं. "मगे माझे बांगडे काय साकरेत सुकवू?"

"सुकवा मिठात. खाऊ नका."

सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या. तेव्हा रक्ताचा दाब उतरवायला फारसं दुसरं काही नव्हतं. सावित्रीला बाजूला घेऊन त्यांनी बजावलं की पुन्हा तसं झालं तर कुशीवर निजवा, तोंडात पाण्याचा थेंब घालू नका आणि कोणाला तरी धाडा.

यमुनाबाई सावित्रीच्या पडवीत राहिली. होडीवाल्यानं तळाशीलला निरोप दिला. दुसऱ्या दिवशी काशीराम आला, बायकोच्या पायांशी बसला, तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "जेवलंस?"

"जेवलंय. आळणी पेज. गुरां पण खावची नाय."

तो तिथेच राहिला. सावित्रीची लाकडं फोडायचा, पाणी भरायचा.

दोन-तीन दिवसांनी सकाळी पुन्हा तेच झालं. तोंड धुताना हातातला तांब्या पडला, जीभ अडकली, आणि ह्या वेळी डावा पाय तेवढा हलत होता, उजवा लाकडासारखा. आनंदीबाई पाणी घेऊन धावली. सावित्रीनं तिचा हात धरला आणि दोघींनी मिळून यमुनाबाईला कुशीवर निजवलं. काशीराम बाजारापर्यंत धावत गेला. डॉक्टर सायकलवर आले, सुई दिली, दुपारपर्यंत उशाशी बसून राहिले. उन्हं उतरली तेव्हा पाय हलला. मग हात. शेवटी जीभ. उजव्या हाताची करंगळी तेवढी कायमची वाकडी राहिली.

संध्याकाळी काशीराम खळ्यात येऊन दत्तारामला म्हणाला, "तळाशीलात असती तर गेली असती." त्याच्या तोंडून एवढं लांब वाक्य मसुऱ्यात कोणी ऐकलं नव्हतं.

पाऊस सुरू व्हायच्या आधी यमुनाबाई घरी गेली. गोळ्या चुकवल्या नाहीत. तंबाखू सोडली, म्हणजे दिवसातून एकदाच लावायची. टोपली सुनेच्या डोक्यावर गेली आणि यमुनाबाई नुसती बोलायला बरोबर यायची. पुढं दहा-बारा वर्षं ती अशी आली.

त्या दुखण्यानंतरचा हिवाळा सरताना मसुऱ्यात भराडी देवीची जत्रा झाली तेव्हा तिनं देवीची ओटी भरली. सगळे म्हणत होते, देवीनं राखलं. तीही म्हणत होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच ताज्या माशांची टोपली घेऊन लवूच्या दारात उभी राहिली.

"देवीची ओटी भरलंय. आता तुझी काय भरू?"

"माझी कसली ओटी? मी बापयो."

"मगे चूल खंय आसा ती दाखय."

तिनं त्याच्या चुलीवर बांगड्यांची आमटी केली, भात शिजवला, पान मांडलं. लवू अवघडून बसला. माणसं त्याला कोंबडा देत, नारळ देत, ते देवाचं म्हणून. त्याच्यासाठी म्हणून कोणी रांधलेलं त्याच्या आवशीनंतर हेच पहिलं.

"माका कित्याक ह्यां?" तो म्हणाला. "मी तर कायच करूक नाय."

"तांच केलंस," यमुनाबाई म्हणाली. "दुसरो असतो तर दिसभर नाचलो असतो, आणि मी बघत बसलंय असतंय. जेव आता, थंड होता."