पाण्याच्या बटणासमोरची रांग

माझा धाकटा भाऊ शाळाशाळांतून थंड पेयांची मशिनं भरत फिरतो, आणि त्यातल्याच एका शाळेच्या कँटीनमध्ये मी सूप ढवळते. म्हणजे एकाच आईची दोन लेकरं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात. त्याचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही. माझं डोकं फिरतं ते त्याच्या पोरीमुळे.

ती याच शाळेत नववीला आहे. पहिल्याच दिवशी तिनं बापाला बजावलं, "बाबा, शाळेत मला हाक मारायची नाही." मलासुद्धा रांगेतून ताट पुढे करून म्हणते, "मावशी, थोडं जास्त वाढा." सख्खी आत्या मी, आणि मावशी काय? घरी ये, मग बघते तुला, असं मनात म्हणत मी दोन डाव जास्तच वाढते.

भाऊ मात्र नेमका मधल्या सुट्टीत मशीन भरायला यायचा. घरातून पहाटे निघतो तेव्हा ती झोपलेली, परततो तेव्हा तिच्या खोलीचं दार बंद. इथे निदान मैत्रिणींबरोबर खिदळताना दिसते, एवढंच त्याचं सुख. मशिनाचं दार उघडून आत हात चालायचे, डोळे दारावरून पोरीकडे.

मग शाळेत पोषणाचं धोरण आलं. गोड पेयं बंद. फक्त पाणी, दूध आणि बिनसाखरेचा रस. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, भावाला म्हणाल्या, "मुलांनी हे घेतलं तर मशीन राहील. नाहीतर सत्र संपलं की उचलून न्या."

त्याचं तोंड एवढंसं झालं. "ताई, मशीन गेलं तर पोरगी कुठे दिसणार मला?"

"घरात दार वाजव की, मेल्या."

"वाजवतो गं. 'अभ्यास करतेय' म्हणते."

त्यानं बाहेरची चित्रं बदलली. दुधाचा आणि रसाचा कप्पा नीट रिकामा करून भरला. पाण्यासाठी ठरवलेल्या कप्प्याशी आला आणि नेमकी पोरगी व्हरांड्यात आली. झालं. पुढे जी बाटली दिसेल तीच मागे लावायची, ही त्याच्या हातांची सवय. आत आधीचाच कोला होता, गाडीत ऑफिसांतल्या मशिनांसाठीचा कोला होता. हात रोज कोलाच लावत राहिले.

पोरं कसली वस्ताद! कुणी चकार शब्द काढला नाही. बाटली पडली की दप्तरात, आणि दप्तरातल्या दप्तरात वॉटरबॅगेत. पाण्याच्या बटणासमोर ही भलीमोठी रांग, आणि शेजारच्या फुकटच्या नळावर चिटपाखरू नाही. माझं सूप निवत होतं, माझा जीव जळत होता. बाई मात्र भारावून सगळ्यांना सांगत सुटल्या, की आमच्या मुलांना पाण्याची गोडी लागली. ते बघायला वरून समितीच आली.

बाईंनी भावाला इस्त्रीचा शर्ट घालून मशिनाशेजारी उभं केलं. पोरं भिंतीला चिकटून उभी. समितीच्या अध्यक्षांनी पाण्याचं बटण दाबलं. धप्पकन काळीभोर बाटली खाली आली.

भाऊ त्या बाटलीकडे आयुष्यात पहिल्यांदा बघितल्यासारखा बघत राहिला.

"धोरणाच्या नावाखाली चोरून गोड विकता?" बाई कडाडल्या. "लाज नाही वाटत?"

खरं कारण सांगायचं तर पोरीचं नाव घ्यावं लागणार. त्यानं मान खाली घातली. "चुकलं, बाई." मला इतका राग आला, डाव हातात तसाच घेऊन मी निघाले होते. पण त्याआधी भिंतीपासून कुणीतरी पुढे आलं.

"ते चोर नाहीत," माझी भाची म्हणाली. कान लालबुंद झाले होते तिचे. "ते माझे बाबा आहेत. भरताना बाटल्यांकडे बघतच नाहीत, माझ्याकडे बघतात. रोज. मला माहितीय. मी म्हणून तर व्हरांड्यात येऊन उभी राहते."

मशीन गेलं ते गेलंच, समितीपुढे कुणाचं काय चालणार. गाडीत चढवताना भाऊ रडत होता आणि मधेच हसत होता. पोरगी मशिनाची दुसरी बाजू धरून "बाबा, हळू, बाबा, पायाकडे बघा" असं ओरडत होती, आणि सगळी शाळा खिडक्यांत उभी राहून ऐकत होती.